धाकूचा दीड फेरा

एका गावात एक भोळा धाकू होता. भोळा म्हणजे कसा? एकदा काही सांगितलं की ते सगळीकडे करत सुटायचा.

त्याला चंद्राआत्याने वाढवलेलं. लग्नाचं वय उलटत चाललं होतं. अशात पलीकडच्या गावचे राऊळकाका मुलगा बघायला यायचे ठरले. आत्या हरखली.

"धाक्या, ही सोयरीक हातची गेली तर जन्मभर माझ्याच हातची पेज खाशील! अंगणात गवत बघ, गुडघाभर वाढलंय. काप आधी!"

धाकूने गवत कापायचं मशीन काढलं. दोरी ओढली. मशीन खोकलं आणि बंद पडलं. ते खांद्यावर टाकून तो गॅरेजवाल्या इनासकाकांकडे गेला.

"कार्बोरेटर बिघडलाय," इनासकाका तो नीट करत म्हणाले. "हा स्क्रू बघ. आधी पूर्ण आवळायचा, मग दीड फेरा सोडायचा. राहील ना लक्षात?"

"राहील की!"

घरी येऊन बघतो तर पातं ढिलं. धाकूने पात्याचा नट पूर्ण आवळला. मग दीड फेरा सोडला. मशीन सुरू केलं मात्र, पातं जे सुटलं ते थेट आत्याच्या केळीत. घडासकट केळ आडवी!

"मेल्या!" आत्या कडाडली. "घट्ट म्हणजे घट्ट! हात दुखेपर्यंत पिळायचं!"

"बरं," धाकू म्हणाला. पातं त्याने गच्च बसवलं. मग कार्बोरेटरचा स्क्रूसुद्धा हात दुखेपर्यंत पिळला. मशीन ठप्प. स्वारी पुन्हा इनासकाकांकडे.

इनासकाकांनी कपाळाला हात लावला. "अरे झिला, त्याचं पेट्रोलच बंद केलंस!" त्यांनी स्क्रू जागेवर आणला. "आता नीट ऐक. मशीन गार असेल तर चोक द्यायचा, म्हणजे हवा बंद. मग दोरी झटक्यात ओढायची. आवाज फार चढला तर स्क्रू थोडा पिळायचा. घाबरायचं नाही."

या वेळी सगळं जमलं. अंगण कसं लख्ख झालं! आत्याला तर भरूनच आलं.

दुसऱ्या दिवशी राऊळकाका आले. अंगण बघून खूश झाले. वडे-सागोती चापून ओट्यावर आडवे झाले आणि घोरायला लागले. आत्याने चुलीवर चहा ठेवला.

"धाक्या, काकांना उठव जा. आता बोलणी पक्की करून टाकू."

धाकूने हाक मारली. काका हलेनात. पायाला हात लावून बघितला, तर पाय गार.

असं होय! धाकूने त्यांचं नाक चिमटीत दाबलं. हवा बंद. आता दोरी? लेंग्याची नाडी लोंबत होतीच. त्याने ती झटक्यात ओढली.

"मेलो! मेलो! धावा!" काका ताडकन उठले. आवाज चढतच गेला. धाकू मुळीच घाबरला नाही. त्याने काकांचा कान धरला आणि चांगला दीड फेरा पिळला.

लेंगा दोन्ही हातांनी धरून राऊळकाका अंगणातून जे सुसाट सुटले, ते वळणाआड दिसेनासे झाले.

आत्या चहा घेऊन बाहेर आली. "अरे, पाहुणे कुठे गेले?"

धाकू हात पुसत म्हणाला, "पहिल्याच ओढीत सुरू झाले, आत्या! आता पेट्रोल संपेपर्यंत थांबायचे नाहीत."