टोपलीभर बोरं

झाडाझाडांवर दुकानं असत, तेव्हाची ही गोष्ट. खार आणि साळुंकीने भागीदारीत वाळल्या बोरांचं दुकान काढलं होतं. ते बुडून बरीच वर्षं लोटली. एके सकाळी उधारीवर माल देणाऱ्या घुशीचे वसुलीवाले दोन कावळे खारीच्या ढोलीसमोर कोकलू लागले, “टोपलीभर बोरं उधार नेली होतीस, ती टाक आधी!”

सगळं झाड डोकावू लागलं. खारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी ती केव्हाच साळुंकीकडे दिली होती, तुम्हाला पोचवायला. तिलाच विचारा!” ती बोलून गेली. खरं तर ती बोरं खारीनेच खाल्ली होती.

कावळ्यांनी म्हाताऱ्या साळुंकीला आणलं. तिने बराच वेळ आठवून पाहिलं.

“मला तर काही आठवत नाही बाई. पण खारूताई कशाला खोटं बोलेल? मीच विसरले असेन. माझी हिवाळ्याची बोरं न्या.”

कावळे ती घेऊन गेले. साळुंकी खारीजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “माझ्यापायी तुला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं. रागावू नकोस हं.”

खारीला ढोलीत जाववेना, की बाहेर थांबवेना.