दम घेणारं शिंग

ही गोष्ट फार जुनी आहे. रानं गावांपेक्षा मोठी होती तेव्हाची.

एका टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावापुढे घनदाट रान होतं, आणि बाजाराची, माहेराची, सासरची वाट त्या रानातूनच जायची. दिवस कलला की रानात धुकं भरायचं, आणि धुक्यात चकवा असायचा. चकवा कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो ओरबाडत नसे, खात नसे. माणूस चालत राही आणि चालून चालून पुन्हा त्याच झाडापाशी येई, एवढंच. काही माणसं परत आली. काही अजून चालत असतील.

टेकडीवर कोंडाजी नावाचा एक म्हातारा शेळ्या राखून एकटाच राहायचा. त्याचा थोरला भाऊ असाच रानात गेला तो आला नाही. त्याला ऐकू जावं म्हणून कोंडाजी तिन्हीसांजेला म्हशीचं शिंग फुंकू लागला. भाऊ काही आला नाही. पण त्या आवाजाच्या रोखाने दुसरीच वाट चुकलेली माणसं बाहेर आली आणि त्याच्या पाया पडली. तेव्हापासून कोंडाजीने शिंग फुंकायचं सोडलं नाही. त्याला कुणी नेमलं नव्हतं, कुणी पसाभर धान्यही देत नव्हतं, आणि तो मागतही नव्हता.

"शिंग दाराशी टांगलेलं असतं," तो म्हणायचा. "ज्याला वाटेल त्याने यावं, फुंकावं. फुंकता येत नसेल तर मी शिकवतो."

शिकायला कुणी गेलं नाही.

त्या गावात भागू कासारीण राहायची. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती गावोगाव फिरायची आणि परतताना शिंगाच्या आवाजावर रान ओलांडायची. सुरुवातीला गावात पाऊल टाकताच ती टेकडीकडे बघून हात जोडायची. मग सवय झाली. आणि एकदा सवय झाली, की उपकाराचा हक्क व्हायला वेळ लागत नाही.

एका संध्याकाळी कोंडाजी तापाने फणफणला होता. शिंग वाजलं, पण उशिरा. तोवर भागू धुक्यात ठेचकाळून पडली होती आणि पाटीतल्या बांगड्यांचा चुरा झाला होता. सकाळ होताच ती तणतणत टेकडी चढली. तिच्यामागे सटवाजी तेली आला, गावचे पाटील आले, आणि बघता बघता अर्धं गाव जमलं.

"काल कुठं कडमडला होतास रे?" भागू कडाडली. "माझ्या बांगड्या फुटल्या त्या कुणामुळं?"

"ताप होता, भागूबाई. उठवत नव्हतं."

"ताप तुला, भोगायचं आम्ही!" सटवाजी म्हणाला. "आणि मधेच थांबतोस का? फुंकायचं तर सलग फुंकावं. तू थांबलास की आम्ही जाग्यावर खिळतो."

"दम घ्यायला थांबतो, सटवाजी. म्हातारा झालो."

"नदीच्या अंगाला नीट ऐकू येत नाही," पाटील म्हणाले. "तिकडूनही वाजायला हवं. आणि वेळ चुकता कामा नये. हे गावाचं सांगणं आहे."

कोंडाजीने सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "मी कुणाला शब्द दिला नव्हता," तो हळूच म्हणाला. "जमेल तसं फुंकत आलो. तुमच्यातलं कुणी एक दिवस येईल का? नुसतं माझ्या शेजारी बसायला?"

"आम्हाला आमची कामं आहेत," भागू म्हणाली.

हे म्हणताना तिच्या घोट्यांना गार लागलं. तिने खाली पाहिलं. धुकं कधी दिवसाउजेडी टेकडी चढत नसे. त्या सकाळी ते चढून आलं होतं, माणसांच्या पायांत येऊन थांबलं होतं, आणि कान देऊन बसल्यासारखं जराही हलत नव्हतं.

भागूने पदर खांद्याभोवती ओढून घेतला आणि ती टेकडी उतरली.

त्या दिवशी शिंग वेळेवर वाजलं. दुसऱ्या दिवशीही. आवाज स्वच्छ, भरदार आणि सलग होता. कधी तो टेकडीकडून यायचा, कधी नदीच्या अंगाने.

"बघितलंत?" सटवाजी पारावर बसून म्हणाला. "खडसावल्याशिवाय माणूस सुधारत नाही."

भागूलाही ते पटलं. मग एके दिवशी सटवाजीच बाजाराहून परतला नाही. मागोमाग एक कुंभारीण आली नाही. लोक हळहळले. शिंग एवढं छान वाजत असताना ही माणसं चुकली कशी, याचं मात्र सगळ्यांना नवल वाटलं.

अशातच भागूची लेक चिमा तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी यायला निघाली. सावल्या लांबल्या तरी ती पोहोचली नाही, तेव्हा भागू तिला सामोरी गेली. रानाच्या कडेलाच थांबायचं, असं तिने ठरवलं होतं. पण कुठेतरी बाळ रडल्यासारखं वाटलं, तशी ती आत शिरली. चार झाडं ओलांडून तिने मागे वळून पाहिलं, तर मागे वाट नव्हती. नुसतं धुकं होतं.

इतक्यात शिंग वाजलं. "सुटले गं बाई," म्हणत ती आवाजाच्या रोखाने निघाली.

बराच वेळ चालल्यावर तिच्या पायांना काहीतरी खटकलं. टेकडीकडे जायचं तर चढ लागायला हवा. पण जमीन उतरत होती, मऊ होत होती, पायांखाली पाणी वाजत होतं. समोरून एक माणूस येत होता. अंगावरच्या चिंध्यांतून फासळ्या दिसत होत्या, तळपाय सोलून निघाले होते. तो सटवाजी होता, आणि तो हसत होता.

"सटवाजीभाऊ! अहो, थांबा!"

"थांबायचं कशाला?" त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. "ऐकतेस ना? आता मधे खंड पडत नाही. आलंच घर, हे काय आलंच."

तिने त्याचा दंड धरला. तो गार होता, ओल्या लाकडासारखा. त्याने हात सोडवून घेतला आणि तो आवाजामागे धुक्यात विरून गेला.

भागू जागच्या जागी उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिने नीट कान दिला. शिंग वाजत होतं. वाजतच होतं. माणसाची छाती केवढी, तिच्यात वारा मावतो केवढा! या आवाजाला दम लागत नव्हता, खोकला येत नव्हता. फुंकणाऱ्याला छातीच नव्हती.

तिने आवाजाकडे पाठ केली आणि जिकडे चढ लागेल तिकडे, झुडपं धरून, गुडघे टेकत ती चढत सुटली. आवाज मागून आला, बाजूने आला, अगदी कानाशी आला. ती थांबली नाही. धुकं विरळ झालं आणि पुढ्यात कोंडाजीचं खोपट दिसलं.

दार उघडं होतं. चुलीतली राख गार होती. शेळ्यांचा गोठा रिकामा होता. शिंग दाराशी टांगलेलं होतं, आणि त्याच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. खाली रानात मात्र शिंग वाजत होतं.

भागूने जाळं पुसलं आणि शिंग तोंडाला लावलं. नुसती फुस्स हवा गेली. तिने पुन्हा फुंकलं. ओठ फाटले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा कुठे एक बेसूर, तुटका आवाज निघाला. ती फुंकत होती, धापा टाकत होती, रडत होती, आणि पुन्हा फुंकत होती. म्हातारा रोज केवढं करत होता, ते तिला तेव्हा कळलं.

उजेड अगदी मावळत असताना बाळाला छातीशी धरलेली चिमा टेकडी चढून वर आली.

"दोन शिंगं वाजत होती, आई," ती म्हणाली. "एक थांबतच नव्हतं. दुसरं सारखं अडखळत होतं. मला वाटलं, जे अडखळतंय तिथं माणूस असणार."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात गावातले लोक कोंडाजीला शोधत निघाले. तो रानापल्याड त्याच्या बहिणीच्या गावी सापडला. जमाव खडसावून गेला त्याच दिवशी तो शेळ्या घेऊन निघून आला होता. भागूने त्याचे पाय धरले.

"मी रागावलो नाही, पोरी," तो म्हणाला. "माझ्यातलं फुंकणं संपलं."

तो पुन्हा टेकडीवर राहायला आला नाही. मात्र थोडे दिवस येऊन त्याने ज्याला शिकायचं त्याला शिकवलं, आणि या वेळी शिकणाऱ्यांनी खोपटापुढे गर्दी केली. पुढे गावाने पाळ्या लावल्या. पाटीलही गाल फुगवून फुंकू लागले. कुणाचा आवाज चिरका, कुणाचा घोगरा. कुणी आजारी पडला की दुसरा चढून जाई. सटवाजी आणि कुंभारीण मात्र कधीच परत आले नाहीत. आजही त्या रानात सांज झाली की खालून एक शिंग सुरेल, वेळेवर आणि न थांबता वाजतं, आणि आया पोरांना जवळ घेऊन सांगतात, "तिकडे जायचं नाही."

तात्पर्य : जो आपण होऊन हात देतो, त्याच्यावर हक्क गाजवू नये, त्याच्या हाताला आपला हात लावावा.