दोन बोटं खाली

सायकली माणसांच्या पाठीमागे बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. आता त्या बोलत नाहीत म्हणतात. मला विचाराल तर नुसत्या कुरकुरतात.

यामिनीताईंनी चाळिशी उलटल्यावर बारीक चाकांची, वाकड्या हँडलची सायकल आणली. दुकानात कुण्या उंच गिऱ्हाइकासाठी चढवलेली सीट तशीच राहिली होती. पेडल खाली गेलं की ताईंचा पाय पुरत नसे, मग त्या सीटवर डावी-उजवीकडे घसरत. महिन्याभरात कंबर धरली, हातांना मुंग्या येऊ लागल्या.

"सीटबाई, दोन बोटं खाली या," सीटखालच्या पिशवीतला पाना म्हणाला. "ताईंना सोसत नाही."

"मी खाली येऊ? शर्यतीतल्या सीटा बघ, कशा ऐटीत असतात! तिनेच उंच व्हावं."

"चाळिशीत?"

एके सकाळी ताईंनी स्वतःच पाना लावला. सीटनं नट असा गच्च आवळून धरला की पाना पुन्हा पुन्हा सटकला. ताईंना वाटलं, या सायकलीची सीट इतकी उंचच असायची असेल. आपल्यालाच जमत नाही.

त्यांनी सायकल पुसली, गॅलरीत भिंतीला कायमची टेकवली. "तुझी काही चूक नाही गं," म्हणत सीटवरून हात फिरवला आणि लंगडत आत गेल्या.

सीट पहिल्यांदाच कळवळली. "पान्या, ने रे मला खाली. तू म्हणशील तितकी."

"नेलं असतं, बाई," पाना म्हणाला. "पण मला फिरवायला हात लागतो. तो आत्ताच आत गेला."