कोंडबाचे सतरा नंदी

वैनगंगेवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. किती जुनी, ते कुणीच सांगू शकत नाही; माझ्या आजीच्या आजीनंही ती ऐकलेलीच होती.

नदीच्या अलीकडे पिपरघाट, पलीकडे बुरडटोली. टोलीतली माणसं बांबूची सुपं-टोपल्या विणायची आणि कसंबसं पोट भरायची. मधे नदी, आणि नदीवर डोंगा म्हणजे होडी चालवणारा कोंडबा ढिवर. घाटाखाली त्याची एकट्याची झोपडी. बायको नाही, लेकरू नाही. पलीकडून हाक यायची, “कोंडबा, डोंगा आण!” आणि तो ओरडायचा, “आलो रे बाप्पा, आलो!” कित्येक दिवस याहून जास्त तो काही बोलतच नसे, असं म्हणतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा असतो. लाकडाचा नंदी सजवायचा, दोरीनं ओढत तोरणाखालच्या रांगेत उभा करायचा, मग घरोघरी फिरून खाऊ घ्यायचा. एका वर्षी टोलीतली सतरा पोरं कोंडबाच्या डोंग्यातून गावात आली. लाकूड कुठून आणायचं? सगळ्यांनी चिखलाचे बैल केले होते. रांगेत उभी राहिली आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. शिंगं गळाली, पाय विरघळले.

“पाहा रे, यांचा बैल मुतला!” गावातली पोरं खिदळली.

पाटील म्हणाला, “मातीचा नंदी रांगेत चालत नाही. लाकडाचा आणा, मग या.”

परतताना मधधारेत सगुणी नावाच्या पोरीनं विचारलं, “कोंडबा, तुहा डोंगा कायच्या लाकडाचा आहे?”

“मोहाच्या. एकाच खोडाचा.”

“मंग याचे किती बैल होतील?”

कोंडबा हसला. पण वल्हं मारता मारता तो लांबी मोजत होता, असं म्हणतात.

पुढच्या वर्षी पोळ्याआधी मोठा पूर आला. सात दिवस डोंगा बंद, सात दिवस हाक नाही. कोंडबानं डोंगा काठावर ओढला आणि कापला. वाकसानं एकेक तुकडा तासला. सतरा नंदी झाले, सतरांनाही वशिंड, सतरांनाही शिंगं. जन्मभर नदी ओलांडणाऱ्या त्या माणसाला एकच गोष्ट सुचली नाही, कारण ती त्याला कधी सुचावीच लागली नव्हती.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पलीकडून हाक आली. “कोंडबा, डोंगा आण!”

त्यानं तोंड उघडलं. समोर डोंग्याची खुंटी होती, तिला दोर होता आणि दोराला काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला “आलो” म्हणता आलं नाही.

हाका येत राहिल्या. आधी हसऱ्या, मग रडव्या. “आमच्याकडं बैल नाहीत म्हणून नेत नाहीस काय रे?” सगुणी ओरडली. तेव्हा कोंडबा नंदी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. पहिल्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “जाय बाप्पा. तुले वाट माहीत आहे.”

आणि नंदी गेला. धारेबरोबर वाहून नाही, धारेला आडवा, डोंगा जायचा तसा. मग दुसरा, मग तिसरा. सतरा नंदी मान वर करून पैलतीराला लागले आणि एकेका पोरासमोर थांबले, असं म्हणतात.

पोरांनी तिथंच बांबू रोवले, आंब्याची पानं बांधली आणि टोलीची पहिली रांग लागली. घाटावर सारा गाव जमला होता. गेल्या वर्षी खिदळलेल्या पोरांनीच टोप्या उडवल्या. पलीकडे आरडाओरडा, अलीकडे आरडाओरडा. मधे पाण्यात कोंडबा उभा. त्याला कुणी हाक मारली नाही. डोंगाच नव्हता, तर मारतील कशाला?

पुढेही नाही मारली. दसऱ्यानंतर पाणी उतरलं, सगुणी आणि पोरं चालत नदी ओलांडून आली, तेव्हा झोपडीत वल्हं होतं, तो नव्हता. कुणी म्हणतं, नव्या डोंग्यासाठी मोहाचं खोड शोधायला तो खाली खाली गेला. कुणी म्हणतं, अजून शोधतोच आहे.

आता पूल आहे. तरी तान्ह्या पोळ्याला दोन्ही काठांवर तोरण लागतं. ज्या पोराकडे नंदी नसेल, त्याला गावचा सुतार आदल्या आठवड्यात नंदी करून देतो आणि रांगेत पहिला उभा करतो. मग अलीकडची पोरं ओरडतात, “कोंडबा, डोंगा आण!”

पलीकडची लगेच उत्तर देत नाहीत. तेवढा वेळ कुणी बोलत नाही, नुसतं पाणी ऐकू येतं. मी लहानपणी त्या वेळात आईचा पदर धरायची. आताही हात तिकडे जातो. तो वेळ त्याचा, असं म्हणतात.

मग पैलतीरावरची सगळी पोरं एका आवाजात त्याच्या वतीनं ओरडतात, “आलो रे बाप्पा, आलो!”

त्यानंतरच नंदी हलतात.