आटलेल्या चामड्याचे माप

एकदा एका व्यापाऱ्याने दोनच माणसे बसतील अशी लाल स्पोर्ट्स कार घेतली. एक जागा त्याची, दुसरी पत्नीची. घाट उतरून दोघांनी समुद्र पाहायला जायचे, असा बेत होता. मग दुकानाची दुसरी शाखा निघाली, पुढे तिसरी निघाली, आणि गाडी अंगणात उभी राहिली ती नऊ उन्हाळे. माणसाला फुरसत मिळत नाही हे मी समजू शकतो. पण ती पुढे केव्हातरी मिळेलच, या भरवशावर तो इतका निर्धास्त कसा असतो, याचे मला नवल वाटते.

नवव्या वर्षी व्यापारी ती गाडी घेऊन एका वृद्ध कारागिराकडे आला. गाड्यांच्या आतले चामडे शिवण्यात या म्हाताऱ्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. काचेखालचा डॅशबोर्ड उन्हाने पार करपला होता. चामडे कडक होऊन कडांनी उचलले होते आणि मधोमध लांबच लांब भेगा पडल्या होत्या.

"सगळं नवं चामडं चढवा, उस्ताद," व्यापारी म्हणाला.

"गाडी चालते का?"

"चालते की. इंजिन, ब्रेक, टायर, सगळं बघून घेतलंय. एवढंच राहिलंय. आमच्या हिला समुद्र दाखवायचाय. आजारी आहे. डॉक्टर म्हणाले, जे काय करायचं ते या महिन्यात करा."

म्हाताऱ्याने डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला. मग गाडीची किल्ली व्यापाऱ्याच्या तळहातावर परत ठेवली. "हे काम मी घेत नाही, शेठ. यावर एखादी चादर टाका आणि उद्या सकाळी वहिनींना घेऊन निघा."

व्यापारी दुखावला. "अहो, आतल्या चामड्याचा रंगसुद्धा तिनं हौसेनं निवडला होता. ही दशा बघून म्हणेल, तुम्हाला साधी गाडी सांभाळता आली नाही. कोणत्या तोंडानं बसवू तिला यात?"

म्हातारा पुन्हा आपल्या शिवणीकडे वळला.

हे सारे त्याचा शिष्य ऐकत होता. आठ वर्षे रिक्षांच्या आणि जीपच्या गाद्या शिवून त्याचे हात आता मोठ्या कामासाठी शिवशिवत होते, आणि गुरूने दारी आलेले काम परत घालवले, म्हणून तो मनातल्या मनात चडफडत होता. व्यापारी बाहेर पडताच तो मागे धावला. "शेठ, दहा दिवस द्या. मी माझ्या घरी करून देतो." व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. गुरूच्या कानावर हे गेले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "घेतलंस ना? मग लवकर कर."

शिष्याने जीव ओतून काम केले. जुने चामडे अखंड सोलून काढले, नव्यावर पसरले आणि त्याच्या कडेने रेघ मारून कापले. गाद्यांच्या कामात रीतच अशी असते: जुनी खोळ उसवायची आणि तिचेच माप धरायचे. नवव्या दिवशी शिवलेले चामडे चढवायला घेतले, तर काचेच्या बाजूने ते दोन बोटे कमी पडले. त्याने ओढून पाहिले, शेक देऊन पाहिले. व्यर्थ! नऊ वर्षे उन्हात जे आटत गेले होते, त्यालाच त्याने प्रमाण मानले होते. दुसरे चामडे येण्यात आठवडा गेला. या खेपेला त्याने उघड्या सांगाड्यावर कागद लावून माप काढले. काम खरोखर देखणे झाले. त्याने निरोप धाडला.

व्यापारी पाच दिवसांनी आला, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हते.

नव्या चामड्यावरून तो बराच वेळ बोटे फिरवत राहिला. "छान केलंस," तो म्हणाला. "रोज विचारायची, गाडी आली का? मी सांगायचो, परवा येईल. एकदा म्हणाली, फाटकी असली तरी आणा हो. मी आणली नाही." मग एकटाच गाडीत बसून तो निघून गेला.

शिष्य तडक गुरूकडे आला. त्याला रडू आवरत नव्हते. "उस्ताद, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग मला अडवलं का नाही?"

"तुझा हुरूप मोडवेना. ते माझं चुकलं, आणि ते मला आता जन्मभर सलणार," म्हातारा म्हणाला. "पण ठाऊक मला काही नव्हतं. मला चामडं कळतं, कुणाचे दिवस किती ते कळत नाही. म्हणून तर किल्ली परत दिली. तू आटलेल्या चामड्यावरून माप घेतलंस. शेठनी उलट केलं. वहिनींचे दिवस आटले होते आणि ते न आटलेल्या दिवसांच्या मापानं बेतत राहिले. तुला निदान दुसरं चामडं मागवता आलं."

आपण व्यापाऱ्याला नवे चामडे दिले आणि त्याच्या पत्नीचे उरलेले दिवस घेतले, हे शिष्याला आता कळले होते.

वाचकहो, तुम्ही कोणाला कुठे घेऊन जायचे कबूल केले असेल, तर या कथेवर विचार नंतर करा. आधी जाऊन या.