हिरव्या तारेचं माहेर

भावाचा अबोला सुटला तर संकष्टी धरीन, असं मी गणपतीला बोलले होते. अबोला सोडून माझा भाऊ मुकुंद आला आणि माझ्या इस्त्रीची जळकी वायर बदलायला बसला. सासूबाईंनी त्याच्यासाठी शिरा केला, तशा थोरल्या जाऊबाई धुमसू लागल्या. त्यांच्या माहेरचं कुणी फिरकत नसे.

त्या मला म्हणाल्या, "लाल तार वीज आणते, काळी परत नेते. हिरवी मात्र तुझ्या भावासारखी, नुसती येऊन बसलेली. कापून टाक म्हणावं त्याला."

मी म्हटलं, "जाऊबाई, हिरवी जमिनीत जाते. लाल तार सुटून इस्त्रीच्या लोखंडाला लागली, तर हिरवीच जीव वाचवते. धरणीच ना सीतेचं माहेर? माहेर रोज राबायला येत नाही, संकटात पोटात घेतं."

जाऊबाई आत गेल्या. मग आपली इस्त्री घेऊन आल्या. "मुकुंदभाऊ, हिचीही हिरवी जोडा."

बायांनो, तुम्हीही ती तार कापू नका, आणि जावेला आपल्या माहेरात वाटा द्या.