पाण्यासकट घर

एका दूरच्या बेटावर, गावात नळ यायच्या कितीतरी आधी, टिकल्या नावाचा खेकडा राहायचा. त्याचा शंख इतका घट्ट झाला होता की जांभई द्यायलाही तो बाहेर यायचा. एका सकाळी केवड्याच्या झुडपापाशी त्याला भरलेलं टमरेल दिसलं. पाण्यासकट घर! तो आत शिरला आणि थेंबही न सांडता टमरेल घेऊन निघाला.

"ए, थांब!" झुडपाआडून खोत ओरडले. त्यांना अख्खं गाव टरकायचं.

"या की धरायला."

"आत्ता उठता येत नाही रे!"

"का?"

"सांगता येत नाही."

"मग देता येत नाही."

तेवढ्यात पाणवठ्याकडे निघालेल्या बायकांचा आवाज आला.

"अहो मालक!" खोत कळवळले. "घर तुमचंच. फक्त पाणी द्या!"

टिकल्या मागे फिरला. मालक झालं की लोकांच्या अडचणी बघाव्याच लागतात.